बिनसाखरेचा कुठला?

कौसाबाईंच्या हुरड्याच्या ज्वारीचं बी मूळचं शेजारच्या धुरपदाआत्यांचं. शेवटच्या आजारपणात आत्यांनी ओंजळभर बी त्यांच्या पदरात घातलं होतं. त्या वाणाला आत्यांचं नाव लागावं, एवढीच कौसाबाईंची इच्छा; तसा त्यांनी नोंदणीसाठी अर्जही केला होता.

नव्या वाणांच्या तपासणीची आंतरराष्ट्रीय नियमावली तेव्हा सुधारली जात होती. ज्वारीचा मसुदा करणारे डॉ. खांबेटे स्वतः शेतावर आले. त्यांनी ताटं मोजली, कणसं मोजली आणि सुनावलं, "बाई, बाजूच्या शेतातल्या ज्वारीत आणि हिच्यात काडीचा फरक नाही! मग वेगळं नाव कसं द्यायचं?"

"साहेब, हुरडा खाऊन तर बघा. हिचा गोड लागतो."

"गोडी डोळ्यांना दिसते का? जे दिसत नाही, ते आमच्या यादीत नाही."

कौसाबाई वाद घालत बसल्या नाहीत. साहेबांना मधुमेह आहे, हे ड्रायव्हरनं सांगितलंच होतं. त्यांनी दोन कप चहा आणून पुढे ठेवला.

खांबेट्यांचा हात थबकला. "यातला बिनसाखरेचा कुठला?"

"दिसायला दोन्ही सारखेच, साहेब. तुमच्या यादीप्रमाणं फरकच नाही. कुठलाही उचला."

साहेब खो खो हसले. त्यांनी दोन्ही शेतांतला हुरडा मागवून खाल्ला, फरक पटला आणि मसुद्यात स्वतःच्या हातानं ओळ घातली: 'हुरड्याची गोडी, चाखून.'

"वाणाचं नाव काय लिहू?"

"धुरपदा." कौसाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "उपकार झाले, साहेब. आता चहा घ्या बिनघोर. दोन्ही बिनसाखरेचेच आहेत. एवढ्यापुरती तुमची यादी बरोबर होती!"