माशांच्या तोंडचा घास

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका संतापला, की नमस्कार न करताच त्यांच्या परसात जाऊन उभा राहिला. शिष्याचे नाव अनंता. गुरूंना सगळे गाव नुसते गुरुजी म्हणत असे. गुरुजी त्या वेळी हौदाच्या काठावर बसून पालकाची पिवळी पाने खुडत होते.

“आज तुम्ही माझी अब्रू घालवलीत,” अनंता म्हणाला. “घरभर पाहुण्यांच्या देखत!”

“बस.”

“बसणार नाही.”

“मग उभ्यानं बोल,” गुरुजी म्हणाले. “पण सगळं बोल. अर्धं पोटात ठेवू नकोस.”

झाले होते ते असे. गुरुजी मातीशिवाय भाजी पिकवत. खाली माशांचा हौद आणि वर खडीने भरलेला पसरट ट्रे, त्यात पालक, मेथी, टोमॅटो. एक लहानसा पंप हौदातले पाणी वर खडीत सोडी आणि तेच पाणी झिरपून पुन्हा हौदात पडे. माशांच्या घाणीवर भाजी वाढे आणि माशांना पाणी स्वच्छ मिळे. हे पाहून अनंताला त्याचे वेड लागले. उन्हाळाभर तो गुरुजींकडे शिकायला आला आणि मग आपल्या परसात त्याने तसाच हौद बांधला. गुरुजींनी त्याला आपल्या हौदातली चिलापी माशांची आठ पिल्ले दिली. देताना ते म्हणाले, “चिमूटभरच खायला घाल. आणि पाणी तयार होईपर्यंत दुसऱ्या कोणाला काही घालू देऊ नकोस.”

“तयार कधी होईल?”

“मी सांगेन तेव्हा.”

अनंताने मान डोलावली. पाणी तयार होणे म्हणजे काय, हे त्याने विचारले नाही. इतके दिवस शिकून हे कसे विचारायचे, असे त्याला वाटले.

त्या गावाबाहेर नदीकाठी देवीचे कुंड आहे. कुंडात मोठमोठे मासे आहेत आणि त्यांना कणकेचे गोळे घातले की पुण्य लागते, असे लोक मानतात. अनंताच्या घरी मासे आल्याचे कळले आणि नव्या हौदाच्या पूजेला जो तो कणीक मळूनच आला. गावातले किराणा दुकानदार शेठ तर परात भरून गोळे घेऊन आले.

“अनंतराव, उपकार झाले,” शेठ म्हणाले. “आता कुंडापर्यंत तंगडतोड नको. पुण्य गल्लीत आलं!”

“माझे गुडघे तुला आशीर्वाद देतील रे,” अनंताची गोदूआत्या म्हणाली आणि तिने पहिला गोळा पाण्यात सोडला.

अनंताला गुरुजींचे शब्द आठवले. पण शुभ दिवशी, दारी आलेल्या वडीलधाऱ्यांना नको कसे म्हणायचे? तो हसत उभा राहिला. दुसरा गोळा पडला, तिसरा पडला. पाणी गढूळ होऊ लागले.

इतक्यात गुरुजी आले. त्यांनी हौदात वाकून पाहिले. मग ते काठावर बसले आणि शेठनी गोळा टाकायला हात पुढे केला तसा त्यांनी तो गोळा हातातून काढून घेऊन स्वतःच्या तोंडात टाकला.

शेठना वाटले, म्हाताऱ्याला भूक लागली असावी. “अहो गुरुजी, आत पान वाढतील की. कच्ची कणीक कसली खाता?”

गुरुजींनी घास कसाबसा गिळला. “आणा पुढचा,” ते म्हणाले.

जो हात पुढे आला, त्यातला गोळा त्यांनी खाल्ला. आधी लोक हसले, मग हसू थांबले.

“माशांच्या तोंडचा घास काढून खातो!” आत्या कडाडली. “वय काय, वागणं काय!”

शेठनी परात उचलली. “अनंतराव, गुरूंना अधूनमधून जेवू घालत जा,” असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून ते निघाले. त्यांच्यामागे बाकीचेही निघाले. प्रसाद तसाच राहिला. गुरुजींनी धोतराला हात पुसले आणि अक्षरही न बोलता तेही गेले.

आता अनंता त्यांच्यासमोर उभा होता आणि त्याचे बोलून संपले होते.

“झालं?” गुरुजींनी विचारले. “मग जरा ओव्याचा डबा दे तिथला. पोटात दगड बसलाय.”

“तुम्हाला थट्टा सुचते!”

“थट्टा नाही. माझं पोट दुखलं तर मी ओवा खाईन, सकाळी मोकळा होईन. माशाने कुठे जायचं? कुंडात नदी वाहते. लोक हवं ते टाकतात आणि नदी ते वाहून नेते. तुझ्या हौदात तेच पाणी वर जातं आणि तेच खाली येतं. माशाने खाल्लं तरी घाण पाण्यात, न खाता कुजलं तरी घाण पाण्यात. त्या घाणीचं विष होतं. आणि त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो.”

“पण खडी आहे ना वर? रोपं आहेत ना?”

“नुसत्या खडीनं काय होतं? खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव वस्ती करतात. ते त्या विषाचं रोपांसाठी अन्न करतात. माझ्या खडीवर ती वस्ती आहे. तुझी खडी अजून कोरी आहे. वस्ती बसायला महिना लागतो, कधी त्याहून जास्त. पाणी तयार होणं म्हणजे तेच.”

“मग हे पाहुण्यांना तोंडाने सांगायचं होतंत!” अनंता उसळला. “गोळे कशाला खाल्लेत?”

आता मात्र गुरुजींचा आवाज चढला.

“मी सांगायचं? हौद तुझा, मासे तुझे, पाहुणे तुझे. शेठवर माझा राग नाही, त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं! बोलता न येणारा जीव तू घरी आणलास आणि त्याच्या वतीने ‘नको’ एवढा एक शब्द बोलायची तुला लाज वाटली. ते पुण्य घेऊन घरी जाणार, तुझ्या पाहुणचाराचं नाव होणार आणि ते सगळं पचवायचं कुणी? बोटाएवढ्या पिल्लांनी? तुझ्या घरात तुझ्या माणसांना अडवायचा मला अधिकार नव्हता. तिथे माझ्या हक्काचं एकच होतं, माझं पोट. ते मी वापरलं.”

अनंताने ओव्याचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. घास देणाऱ्याचे सगळे कौतुक करतात आणि तो घेणाऱ्याला पचेल का, असे विचारणारा उद्धट ठरतो. गुरुजी आज त्याच्या जागी उद्धट ठरले होते, हे त्याला कळले. राग अजून होता, पण तो गुरुजींवर राहिला नव्हता.

“जाताना माझ्या ट्रेमधली घमेलंभर खडी ने,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले. “बुळबुळीत लागेल, पण धुऊ नकोस, तीच ती वस्ती. आणि अर्धं पाणी बदल. नळाचं नको, त्यातल्या औषधानं ती वस्ती मरेल; विहिरीचं घाल.”

घरी आल्यावर अनंताने पाहिले, तर पिल्ले पाण्यावर तोंडे काढून श्वासासाठी धडपडत होती आणि एक आडवे तरंगत होते. त्याने गाळणीने कणीक काढली, खडी ट्रेमध्ये पसरली, विहिरीवरून बादल्या आणल्या. आडवे झालेले पिल्लू वाचले नाही. त्याने ते कढीपत्त्याखाली पुरले आणि बाकीच्यांजवळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूआत्या चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन आली. “तो खादाड म्हातारा नाही ना आज?”

“नाही, आत्या.”

“मग सरक.”

अनंता सरकला नाही. त्याचे कान तापले होते.

“आत्या, नको घालूस.”

“का? माझ्या हातचं काय विष आहे?”

“माझ्यासाठी नाही,” तो म्हणाला. “यांच्यासाठी आहे.” आणि का, ते त्याने सांगितले. सांगताना अडखळला, पण शेवटपर्यंत सांगितले.

आत्याने पुडा पदराखाली घेतला. “तुला या हातांनी भरवलंय मी,” एवढेच म्हणून ती चहाला न थांबता निघून गेली. अनंताला फार वाईट वाटले. तरी त्याने तिला परत बोलावले नाही.

आत्याचा राग दिवाळीपर्यंत टिकला. मासे दिवाळीनंतरही टिकले.