मार्काचा दगड

चपला काढा अन् इथंच थांबा. हा काळा दगड, अन् त्याच्यावर ही आडवी खोदलेली रेघ. याला आम्ही मार्क म्हणतो. हसा, सगळेच हसतात. शाळेत मिळतात ते मार्क, मालावर छाप असतो तोही मार्क, अन् आमच्या सरपंचाला विचाराल तर तो छातीठोक सांगेल, की मार्क नावाचा साहेबच इथं राहायचा. थापा नुसत्या! मागं एक मास्तर आले होते. ते म्हणाले, या शब्दाचा फार जुना अर्थ म्हणजे शीव, हद्द. ते मात्र मला लगेच पटलं.

धरण बांधलं तेव्हा म्हणे धरणावरच्या इंजिनेर साहेबानं ही रेघ खोदली. पाणी इथवर येईल, म्हणाला, खालचं गाव उठवा. गाव उठून रेघेच्या वर आलं. पण पहिल्याच पावसाळ्यात पाणी रेघेला लागलं अन् थांबायचं नाव घेईना. तेव्हा ठकूबाई नावाची म्हातारी पुढं झाली. तिनं पाण्याची ओटी भरली अन् सांगितलं, "तू वर येऊ नको, आमचं कुणी खाली येणार नाही." पाणी तिथंच थांबलं, असं सांगतात.

मग उन्हाळा आला. पाणी ओसरलं, जुनं गाव उघडं पडलं. जोती, चुली, सगळं दिसायला लागलं. ठकूबाईचं तान्हं लेकरू फार वर्षांपूर्वी गेलेलं, ते तिथंच परसात पुरलेलं होतं. म्हातारी तिकडं निघाली, तशी सून गजरा आडवी आली. "आत्याबाई, शब्द तुम्हीच दिलाय."

"नुसता हात लावून येते गं."

गेली. आईच ती, करणार काय? मातीला हात लावून परतही आली.

त्या पावसाळ्यात पाणी रेघ ओलांडून आलं. पाऊस थांबला तरी चढतच राहिलं. गोठ्यात शिरलं, दावणीची जनावरं हंबरायला लागली. लोक ठकूबाईच्या दाराशी जमले. म्हातारीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं अन् सरळ पाण्यात चालत गेली. गजरा हाका मारत राहिली. दिवस मावळायच्या आत पाणी रेघेखाली उतरलं म्हणे. लेकाचे सगळे नुसते बघत उभे होते, त्यात आमचे वाडवडीलही आले.

गजरानं दुसऱ्या दिवशी या दगडावर दूध ओतलं, सासूसाठी अन् त्या लेकरासाठी. तेव्हापासून ही रीत पडली.

आजही उन्हाळ्यात जुनं गाव उघडं पडतं. जिचं मूल गेलंय ती बाई इथवर येते, दूध ओतते. दूध ओघळत खाली जातं, बाई जात नाही. आमची पोर याच पाण्यात गेली, सहा वर्षांची होती. माझी मंडळी, तिची आई, दरसाल येते. दूध ओतून झालं तरी हलत नाही, खाली बघत राहते. मी मागून तिचा पदर घट्ट धरून उभा असतो.