न झालेले सदतीस दारुडे

"जे दारुडे झालेच नाहीत, ते दरबारात हजर कर! सात दिवसांत!"

राजा रणधवल एकदा बोलला की मागे हटत नसे. समोर हात जोडून उभी असलेली हौसा कासारीण चक्रावून गेली. झालेला दारुडा शोधायला वेळ लागत नाही, वासावरून सापडतो. पण न झालेला कुठून आणायचा?

हौसा खडकवाडीत घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बांगड्या हमखास जास्त खपायच्या, कारण आदल्या संध्याकाळी गुत्त्यावरून आलेल्या नवऱ्यांनी त्या फोडलेल्या असायच्या. तो धंदा तिला नको झाला होता, आणि गावालाही ते ठाऊक होतं. म्हणून गावोगावची पोरं दारूपासून लांब राहावीत यासाठी राजाने खजिन्यातून पैसा दिला, तेव्हा गावाने कारभार तिच्या हाती सोपवला. तिने गुत्त्याच्या वाटेवरच तालीम बांधली, लेझीम आणि हलग्या आणल्या. मजुरी बाजाराच्या दिवशी संध्याकाळऐवजी सकाळीच वाटायची, असं जमीनदारांकडून कबूल करून घेतलं. सकाळीच धान्य-मीठ घरात येऊ लागलं, संध्याकाळी गुत्त्यासाठी पैसा उरेना.

वर्ष झालं, आणि खजिनदार धुंडोपंतांनी नाक मुरडलं. "महाराज, बाकी गावांनी ‘दारू पिऊ नका’ अशा मोठमोठ्या पाट्या लावल्या. त्या डोळ्यांना दिसतात तरी! या बाईने काय केलं? एक तरी दारुडा सुधारला का?"

"दारुडे सुधारायला नाही, होऊ नयेत म्हणून पैसा होता, महाराज," हौसा म्हणाली.

"मग न झालेले दाखव!" राजा गरजला. "आणि साक्ष तुझी नको, पोरांच्या आयांची नको, गावकऱ्यांचीही नको. सगळे तुझ्याच बाजूने बोलणार. साक्षीदार असा आण, की ज्याला तुमच्या गावाचं भलं व्हावं असं स्वप्नातसुद्धा वाटत नाही! नाहीतर तालमीला कुलूप!"

धुंडोपंत मिशीत हसले.

हौसा घरी आली. दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. तालमीला कुलूप लागलं तर पोरं संध्याकाळी जाणार कुठे, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन ती गुत्त्यावरून चालली होती. आत बघते, तर गुत्तेवाला भिकोबा रिकाम्या पिंपावर बसून माश्या वारत होता. हौसा थबकली. मग गालातल्या गालात हसली.

"काय भिकादादा, धंदा कसा काय?"

"जखमेवर मीठ चोळायला आलीस होय, हौसे? तुझ्या त्या तालमीनं बुडवला मला!"

"मग महाराजांपुढे रड की! खडकवाडीत काय फरक पडला, हेच विचारताहेत ते."

भिकोबाचे डोळे चमकले. "भरपाई देतील?"

"ते मी कसं सांगू? पण ऐकून घेतील, एवढं नक्की. मात्र मोघम बोलू नकोस. कोणकोण गिऱ्हाईक गेलं, नावानिशी सांग!"

सातव्या दिवशी दरबार खच्चून भरला. भिकोबाने आत पाऊल टाकताच गळा काढला.

"लुटलं, महाराज! दिवसाढवळ्या लुटलं मला! हा जगदाळ्यांचा येसू बघा. आजा माझ्याकडे प्यायचा, बाप माझ्याकडे प्यायचा. हा कधी मोठा होतोय म्हणून सोळा वर्षं डोळे लावून बसलो होतो. दसऱ्याला दारापर्यंत आला होता हो, दारापर्यंत! तेवढ्यात तालमीत हलगी वाजली नि पळाला! कुंभारांची जुळी पोरं येणार म्हणून दोन नवे पेले आणले, ते तसेच कोरे पडलेत! आणि तो सुताराचा रंगा..."

असं करत करत भिकोबाने सदतीस नावं घेतली. दोनदा तर त्याला खरंच हुंदका आला.

"थांब!" धुंडोपंत ओरडले. "हे प्यायलेच असते, हे तुला काय ठाऊक?"

"मला?" भिकोबाला अपमान सहन होईना. "पंचवीस वर्षं गुत्ता चालवतोय, सरकार! पहिल्या घोटाआधीचा चेहरा मी लांबून ओळखतो!"

हौसा पुढे झाली. "महाराज, पोरगा दारुडा झाला नाही, तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याची वाट बघणारा एकच माणूस असतो. त्याला मी हजर केलंय. आमच्या गावाचं भलं व्हावं असं याला स्वप्नात तरी वाटतं का, विचारा!"

"मुळीच नाही!" भिकोबा तावातावाने म्हणाला.

राजाच्या ओठांचा कोपरा हलला. "बरं, पाट्या लावलेल्या गावांतही तुम्हा गुत्तेवाल्यांची अशीच दैना झाली का रे?"

"छे, महाराज! शेजारच्या गावी माझा मेहुणा गुत्ता चालवतो. पाटी फार ऐसपैस आहे हो! गिऱ्हाइकं तिच्याच सावलीत बसून पितात!"

मग मात्र राजाला आवरेना. तो मांडीवर थाप मारून हसला, पोट धरून हसला, डोळे पुसून पुन्हा हसला. सगळा दरबार हसला. धुंडोपंत तेवढे आपल्या जोड्यांकडे बघत राहिले.

"हौसा, जिंकलीस!" राजा म्हणाला. "खडकवाडीचा पैसा दुप्पट! चाळीस गावांत अशाच तालमी उभ्या राहतील आणि देखरेख तू करशील. धुंडोपंत, पाट्या उतरवायला तुम्ही स्वतः जायचं. आणि खांद्यावरून वाहून आणायच्या!"

"आणि माझी भरपाई?" भिकोबाने हळूच विचारलं.

"तीही मिळेल. गुत्ता बंद कर. तालमीच्या दारात दूध तापवायला बस, पगार खजिन्यातून!"

भिकोबा रडवेला झाला. "पण महाराज, दूध प्यायला येणार कोण?"

"सदतीस जण, दादा!" हौसा म्हणाली. "नावं तुला तोंडपाठ आहेत!"

राजा पुन्हा एवढ्या जोरात हसला, की खांद्यावरचा भरजरी शेला घसरला. तो त्याने उचलला आणि तसाच हौसाच्या टोपलीत ठेवला.