निंबकरसाहेबांचं न आपटणारं हेलिकॉप्टर

निंबकरसाहेबांना वाटे, आपण हुकूम सोडला की वारासुद्धा उठून सलाम ठोकतो. पण त्यांच्या कंपनीचं नवं हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली उड्डाणात, सरळ खाली उतरवलं, की स्वतःच्याच पंख्याच्या हवेत सापडायचं आणि दर खेपेला जमिनीवर आपटायचं. सल्लागार सुनेत्रा धारप सांगून सांगून थकली, "साहेब, पंख्याची रचना बदला. एखादा वैमानिक जिवानिशी जाईल."

"हेलिकॉप्टरला हात लावायचा नाही!" साहेब गरजले. "उद्या गिऱ्हाइकं येतायत. तुमच्या त्या खेळण्यात ते आपटता कामा नये. काय वाटेल ते करा!"

"बरं," सुनेत्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांदेखत साहेब स्वतःच ऐटीत सिम्युलेटरमध्ये बसले आणि खाली उतरू लागले. हेलिकॉप्टर भेलकांडलं, पण आपटलं नाही. धावपट्टी वर आली, डोक्यावरून निघून गेली, उंचीचा काटा शून्याखाली घसरला आणि पडद्यावर काळोख पसरला.

"अहो बाई, मी आहे कुठे?" साहेबांना दरदरून घाम फुटला.

"जमिनीच्या पोटात, साहेब. हेलिकॉप्टरला हात लावायचा नव्हता, म्हणून मी जमीनच काढून टाकली. खऱ्या उड्डाणाच्या दिवशी तेवढी तुम्ही काढून घ्या."