धाकट्या रुळाचे टोले

“दादाला नेताना मला कुणी का विचारलं नाही?” असं धाकटा रूळ सगळ्यांना विचारायचा.

आगगाडी कोळशावर धावायची तेव्हाची ही गोष्ट. एका रुळाचे दोन तुकडे झाले. थोरला गाडीखाली राहिला आणि धाकटा स्टेशनात घंटा म्हणून टांगला गेला. गाडी यायच्या वेळी त्याचे टोले ऐकले की विकणारे पाट्या घेऊन फलाटाकडे धावत. त्यातूनच तिथं बाजार वसला, नगरपालिका आली. पुढं थोरला झिजला, तेव्हा नगरपालिकेनं त्याला बाजारातल्या पुलाखाली आधाराला आडवा घातला.

एका बाजारच्या दिवशी भर दुपारी धाकट्याला जमिनीतून थोरल्याचा आवाज आला.

“बाळा, गंजून पोकळ झालोय रे. वर माणसं फार आहेत.”

“धीर धर, दादा!”

“आजवर धरलाच की. जाण्याआधी तुला एक सांगायचंय...”

वाजलो तर दादाचं बोलणं ऐकू येणार नाही, हे धाकट्याला कळत होतं. तरी तो वाजला.

घंटेचा हातोडा भिंतीपाशी तसाच पडलेला, आणि टोल्यांवर टोले! रोज घंटा वाजवणाऱ्या पॉइंट्समन लिंबाजीच्या हातातला चहा सांडला. “अगं आई गं! वाजवतंय कोण?”

पुलावर विकायला बसलेल्या कौसाबाईनं पाटी उचलली. “उठा गं, आज मेली गाडी लवकर उगवली!”

सगळ्याजणी स्टेशनाकडे धावल्या. पुलाखालून दादा काहीतरी बोलत होता, पण धाकट्याला एक शब्दही ऐकू आला नाही. शेवटची म्हातारी पूल उतरेपर्यंत तो वाजतच राहिला.