रुमालाखालचा भार

“मास्तर, चारशे शब्द अक्षराअक्षरानं तोडून दाखवले. एक तरी चुकला का?”

रेवणाप्पा कोरे हळदीचे व्यापारी. शाळा सातवीपर्यंत, पण पन्नाशीत पुस्तक समोर ठेवून स्पॅनिश शिकले. सांगलीच्या पेठेत ही भाषा येणारा आपण एकटेच, हे ते कुणी न विचारताही सांगत. आता लोंढे मास्तरांनी ‘याला भाषा आली’ असं पत्र दिलं, की चौकटीत घालून दुकानात गादीमागच्या भिंतीवर लावायचं, एवढंच राहिलं होतं.

मास्तर तीस वर्षं स्पेनात राहून आलेले. पाच वेळा त्यांनी पत्राला नाही म्हटलं होतं.

“एकही चुकला नाही,” मास्तर म्हणाले. “मारिपोसा. फुलपाखरू. आघात कुठे? जोर कुठल्या अक्षरावर?”

“पो वर. शब्द स्वरावर संपतो, म्हणून शेवटून दुसऱ्यावर.”

“म्हण बघू.”

रेवणाप्पांनी छाती भरून घेतली. “मा! रि! पो! सा!”

खिडकीतलं कबूतर उडालं.

“चारही अक्षरं सारखीच ठोकलीस की रे.”

“मास्तर, एवढ्या कष्टानं कमावलेला शब्द... त्यातलं कुठलं अक्षर हळू म्हणू?”

मास्तरांनी रेवणाप्पांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आपल्या हातावर पांघरला.

जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सांगत. रेवणाप्पांची उमर त्यातच गेलेली. त्यांचा हात आपसूक आत गेला.

“सांग. कुठलाही शब्द.”

हलकं... हलकं... मग एकदा घट्ट.

“तीन अक्षरं,” मास्तर डोळे मिटून म्हणाले. “भार शेवटच्यावर.”

“कोराथोन! काळीज!” रेवणाप्पा जागचे उठलेच. “बरोब्बर ओळखलंत, मास्तर!”

“बरोब्बर सांगितलंस. रुमालाखाली तुला भाषा येते.”

“मग... पत्र?”

रेवणाप्पा आणखी पुढे सरकले.

“चौकट सागवानी करून ठेवलीय. पार रस्त्यावरून दिसेल अशी.”

मास्तरांनी कागद पुढे ओढला. चार ओळी लिहिल्या, सही केली, घडी घातली आणि ती रुमालात गुंडाळून रेवणाप्पांच्या हातात दिली.

“घे. ज्याला दाखवायचं त्याला खुशाल दाखव... पण रुमालाखाली.”