घाटात उघडलेली वेबसाइट

“…आणि माझी साइट असताना तुम्ही कातळावर नंबर रंगवलात? तुम्ही, मास्तर?”

गुलाब मास्तर अत्तार रॉकेलच्या डब्यात ब्रश धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शार्दूल निम्हणचा पारा चढला होता. सकाळी पुण्याहून येताना, घाट उतरता उतरता, त्याला कातळावर पांढरीशुभ्र अक्षरं दिसली होती. ‘शेलार क्रेन’, आणि खाली हातभर उंचीचा नंबर. अक्षराचं वळण त्याने लांबूनच ओळखलं. याच हाताने त्याला अक्षर शिकवलं होतं.

मास्तरांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. साठीला आल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि पायथ्याच्या या गावात दुकानदारांना वेबसाइट करून देऊ लागले. शार्दूल त्यांच्याच हाताखाली तयार झाला, पुण्याला गेला, आणि तिथे त्याच्या कामाला बक्षिसं मिळू लागली. घाटात अडकलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या इंदुमती शेलारांच्या साइटचं काम मास्तरांनीच त्याच्याकडे पाठवलं होतं.

“इंदूताई रंगव म्हणाल्या, रंगवला.”

“पण का?”

“साइट नवी झाल्यापासून फोन येईनात, म्हणाल्या.”

“लोकांना वापरता येत नाही त्याला मी काय करू? अहो, उघडल्या उघडल्या अख्ख्या घाटाचा व्हिडिओ आहे. ढगातून क्रेन बाहेर येते! तुम्ही बघितलीत तरी का?”

“मोबाइलवर कशी दिसते?”

“दिसते की. आपोआप लहान होते.”

“लहान होते, का सोयीची होते?”

शार्दूलने कपाळाला हात लावला. दर वेळी हेच. सरळ विचारावं, तर हा माणूस उलटा प्रश्न टाकून मोकळा.

“चल, दाखव मला,” मास्तर हात पुसत उठले. “पण इथं नको. घाटात.”

“घाटात कशाला? लॅपटॉप आणलाय मी.”

“घे की तोही.”

एप्रिलचं ऊन. भर दुपार. चौथ्या वळणावर, रंगवलेल्या कातळाच्या बरंच खाली, घाट चढणारा एक टेम्पो आडवा होऊन उभा होता. मागचा एक्सल तुटलेला. हौद्यात जाळीचे खोके एकावर एक रचलेले, आणि त्यांतून एकच कालवा चाललेला… कोंबडीची एका दिवसाची पिल्लं. दोन हजार.

ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. हात ग्रीसने काळे, मोबाइलची काच तडकलेली. त्या काचेवर तो बोट आपटत होता.

“दादा, जरा बघा ओ,” त्याने शार्दूलपुढे मोबाइल धरला. “क्रेन म्हणून शोधलं, तर ह्ये आलं. अर्धा तास झाला, नंबरच घावंना. पिल्लं मरायला लागली माजी.”

शार्दूलने पडद्याकडे बघितलं. ढग होते. क्रेन अजून बाहेर यायची होती.

“द्या इकडे,” तो म्हणाला. “माझीच साइट आहे ही. आत्ता लावतो फोन.”

“तुमची व्हय? मग देवच पावला!”

मास्तरांनी हौद्यातली रिकामी पोती ओढून काढली आणि कॅनमधलं पाणी त्यांवर ओतायला लागले.

शार्दूलच्या स्वतःच्या मोबाइलला रेंज नव्हती. ड्रायव्हरच्या मोबाइलला होती, पण जेमतेम. व्हिडिओ गरगर फिरत राहिला. तो सरकवावा, तर त्याच्याबरोबर पानही सरके. ‘संपर्क’ची कळ उजवीकडे पडद्याच्या बाहेर गेली होती. ती ओढून आत आणली, तर दाबली गेली तिच्या शेजारची, आणि ‘आमचा प्रवास’ नावाची चौकट उघडून सगळ्या पडद्यावर बसली. ती बंद करायची फुली कुठे होती ते त्याला नेमकं माहीत होतं. वर, उजव्या कोपऱ्यात. पण तो कोपराच पडद्यात मावत नव्हता.

“लागला का?” पोती खोक्यांवर पसरता पसरता मास्तरांनी विचारलं.

“लागतोय.”

पुण्यात, सत्तावीस इंची पडद्यावर, फिकट राखाडी अक्षरं त्याला फार देखणी वाटली होती. इथे उन्हात ती नव्हतीच. त्याने मोबाइल पोटाशी धरला, वर रुमालाची सावली केली, मान वाकडी करून बघितलं. घाम काचेवर टपकला आणि पान आपलं आपण पुन्हा वर गेलं.

पुन्हा ढग.

“च्यायला, कुठल्या…” तो ओरडला, आणि तिथेच थांबला.

…

हौद्याच्या उन्हाकडच्या बाजूचा कालवा कमी झाला होता. ड्रायव्हरने एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याची मान लोंबत होती. ड्रायव्हर त्याच्या चोचीत फुंकर घालत राहिला.

“लागला का रे?”

शार्दूलला नंबर सापडला होता. पण तो त्याने चित्रात घातला होता, छान वळणदार अक्षरांत. बोट ठेवून फोन लागायची सोय नव्हती. आणि शेवटचे दोन आकडे पडद्याबाहेर राहिले होते. त्याने दोन बोटांनी चित्र आवळलं. हललं नाही. मोबाइल आडवा केला. चित्र मोठं झालं, आणि आता चार आकडे बाहेर गेले.

त्याला तो नंबर पाठ नव्हता. सहा महिने त्या साइटवर बसला होता, आणि नंबर पाठ नव्हता.

“मास्तर…”

“काय?”

“शेवटचे दोन आकडे सांगा.”

मास्तरांनी ओल्या पोत्यावरून हात फिरवला.

“सत्तेचाळीस,” ते म्हणाले.

वीस मिनिटांत इंदुमती शेलार स्वतः क्रेन घेऊन आल्या. बरोबर एक रिकामी जीप आणली होती, पिल्लं आधी तिच्यात चढवली. साखळी सोडता सोडता त्यांनी विचारलं, “फोन कुणी लावला?”

“मी,” शार्दूल म्हणाला.

“साइटवर मिळाला का नंबर?”

“मास्तरांनी सांगितला.”

“हं,” एवढंच म्हणून त्या आकडा अडकवायला टेम्पोखाली वाकल्या.

ड्रायव्हरने नऊ पिल्लं कठड्याच्या सावलीत एका ओळीत ठेवली होती. निघताना तो शार्दूलजवळ आला. याचं तोंड उतरलेलं बघून त्याला वाईट वाटलं असावं.

“पण दादा,” तो म्हणाला, “त्यातलं चित्र मातर झकास हाय.”

यापेक्षा त्याने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

क्रेन वळणाआड गेली. रस्ता मोकळा झाला. शार्दूलने खाली बसून हातांनीच माती उकरली आणि ती नऊ पिल्लं पुरली. कोणी सांगितलं नव्हतं. नखांत माती गेली, हाताला ड्रायव्हरच्या मोबाइलवरचं ग्रीस होतंच.

मास्तर कठड्यावर बसून बिडी ओढत होते.

शार्दूलने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्यांच्या शेजारी मांडीवर घेऊन उघडला. पडदा पार काळा दिसत होता. त्याने उजेड वाढवला. पाठ फिरवून बसला. सदरा डोक्यावरून ओढून घेतला. स्वतःच्या तोंडाखेरीज त्याला त्यात काही दिसेना.

“मास्तर, इथं काही म्हणजे काही दिसत नाही. आज घरी जाऊन सगळी नव्याने करतो.”

“काहीच दिसत नाही?”

“काहीच नाही.”

मास्तरांनी बिडी विझवली.

“मग इथंच बसून कर.”